मंगळवारचा विद्यार्थी

माझी नात बंगळूरला शिकते. तिच्या वर्गातला एक मुलगा ख्रिस्ती मिशनरी कामासाठी पुढचं शिक्षण घेणार आहे. त्याला काय काय लागतं त्याची यादी तिने मला फोनवर वाचून दाखवली. आधी एक पदवी, मग ईशशास्त्र, मानववंशशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, ज्या लोकांत जायचं त्यांची भाषा, आणि शेवटी काही महिने त्यांच्यात राहून काम. "आजी, पाद्री व्हायला एवढं शिकावं लागतं?" मी म्हटलं, अगं, तुझ्या पणजोबांनीच अशा एकाला शिकवलंय, आपल्या माळ्यावरच्या घरात. तिला ते माहीतच नव्हतं. फोनवर अर्धंच सांगून झालं, म्हणून सगळं इथे लिहिते.

आम्ही मूळचे पेडण्याचे. बाबा पणजीत मराठीचे मास्तर होते आणि आल्तिनोच्या पायथ्याशी, माळ्यावर, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही राहायचो. मी सांगते ते १९६८ सालचं, तेव्हा मी नववीत. जानेवारी १९६७ मध्ये ओपिनियन पोल होऊन गेला होता. आमचं घर 'फुला'चं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हावं या बाजूचं. बाबा पेडण्यात दारोदार फिरले होते. 'दोन पानं' जिंकली तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ख्रिस्ती लोकांनी बहुतेक दोन पानांनाच मत दिलं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यामुळे पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर सायकलवरून एक ख्रिस्ती तरुण आमच्या दारात उतरला आणि "मास्तर, म्हाका मराठी शिकयतले?" म्हणाला, तेव्हा आईने आधी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

तो अजून पाद्री झाला नव्हता. सेमिनारीत शिकत होता, म्हणून आम्ही त्याला 'ब्रदर' म्हणायचो. बार्देशचा. शाळा पोर्तुगीज, घरी कोंकणी, आणि तीही रोमी लिपीत. त्याच्या संस्थेने त्याला महाराष्ट्रात पाठवायचं ठरवलं होतं आणि वरिष्ठांची अट होती की मराठी लिहिता-वाचता आल्याशिवाय जायचं नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावर जो ठराव केला, त्यात हेच आहे. ज्यांच्यात जायचं त्यांची भाषा नीट आत्मसात करा, त्यांचा इतिहास, चालीरीती, धर्मविचार समजून घ्या. तत्त्वज्ञानाची दोनेक वर्षं आणि ईशशास्त्राची चार, हे तर सगळ्याच पाद्र्यांना असतं. मिशनवर जाणाऱ्याला हे वरचं.

बाबा म्हणाले, मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाचला. पैसे घेतले नाहीत. मग त्याची आई दर महिन्याला मयड्याची केळी पाठवायची, हाताएवढी लांब. आमच्या आईने त्यांची हलव्यापासून भाजीपर्यंत सगळं करून पाहिलं.

अडचण आली ती आपांची. आपा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पेडण्याचं घर, देवस्थानचं काम, सगळं तेच बघायचे, आणि कोर्टकचेरीसाठी पणजीला आले की आमच्याकडे उतरायचे. एका मंगळवारी ते आले आणि समोर पाटीवर 'भ' गिरवणारा ब्रदर. तो गेल्यावर आपांचा आवाज चढला. "कित्याक रे शिकयता तूं तांकां?" पुढचं मराठीत, कारण रागावले की आपा मराठीत बोलायचे. "ज्यांनी आपल्याला साष्टीतून हाकललं त्यांच्या पोराला आपणच शब्द द्यायचे? उद्या हाच शब्द घेऊन कुठल्यातरी गरिबाच्या झोपडीत शिरेल."

साष्टीतून हाकललं ही गोष्ट आपा काल-परवा घडल्यासारखी सांगायचे. आमची कुलदेवता शांतादुर्गा, मूळ केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा ती कवळ्याला गेली, आणि माणसंही पांगली. आमची शाखा फिरत फिरत पेडण्याला पोचली. पेडणे तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतंच. डिचोली आणि सत्तरी त्यांच्याकडे १७८१-८२ ला गेल्या आणि पेडणे १७८८ ला. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतल्या लोकांच्या धर्मात, रूढीत हात घालणार नाही असं सरकारने कबूल केलं होतं. म्हणून तर पेडणे, डिचोलीत देऊळ, दशावतार आणि मराठी पोथ्या जागच्या जागी राहिल्या. तेव्हा आपांचा राग हवेतला नव्हता. हे मी आजही म्हणेन.

बाबा उठले आणि फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढून आपांपुढे ठेवलं. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण', शांताराम बंडेलूंनी १९५६ साली देवनागरीत आणलेलं. "दादा, हा माणूस इंग्लंडातनं आला होता," बाबा म्हणाले. "मराठी शिकायला त्यानं कुणाचे तरी पाय धरलेच असतील. कोणीतरी शिकवलं म्हणून हे झालं."

थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, बहुतेक साष्टीत काढली. १६१६ साली रायतूरला त्याचं पुराण छापलं, रोमी लिपीत, पण मराठीत आणि ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटलं. पुराणाच्या सुरुवातीला एक नवा ख्रिस्ती झालेला माणूस पाद्रीला म्हणतो की आमच्या जुन्या पोथ्या तर बंद केल्यात, मग आम्हाला वाचायला दुसरं काहीतरी द्या. मला त्या प्रसंगाची नेहमी गंमत वाटते आणि वाईटही वाटतं. पोथी काढून घेतलेल्या माणसाची भूक त्या पाद्र्याला कळली, पण पोथी काढून घेणारेही त्याचेच होते. स्टीफन्सने कोंकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्याच्यामागे १६४० मध्ये छापलं गेलं. त्याच्यानंतर एतियन द ला क्रुआ नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६२९ मध्ये संत पीटरवर मराठीत पुराण रचलं.

हे सगळं एकट्यादुकट्याच्या हौसेने झालं असंही नाही. १६०६ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने ठरवलं की ज्याला इथली भाषा येत नाही त्याच्याकडे चर्चचा कारभार देऊ नये, आणि आधीच बसलेल्यांनी ती शिकावी नाहीतर जागा सोडावी. नातीच्या यादीतली भाषेची अट गोव्यात चारशे वर्षांपूर्वीच आली होती. आणि मग त्याच गोव्यात, १६८४ च्या जूनमध्ये, व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होरने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. म्हणजे आधी शिकवणाऱ्याने शिकायचं, नंतर शिकणाऱ्यानेच विसरायचं. ब्रदरला लहानपणी देवनागरी का दिसली नाही याचं उत्तर शोधत गेलं तर बरंचसं त्या फर्मानापाशी जाऊन पोचतं.

आपांनी पुस्तक चाळलं. बोलले काही नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "त्याला 'भ' येत नाही. 'बगवंत' म्हणतो. येत्या आयतवारी त्याला घेऊन ये, मी नार्व्याला जातोय."

आम्ही चौघे गेलो. पणजीहून बसने जुन्या गोव्याला, तिथून होडीने दिवाडी बेट, बेट चालत ओलांडून पलीकडे परत होडी, की डिचोली महालातलं नार्वे. जुन्या गोव्यात ब्रदरने आम्हाला सांव पावलूच्या कॉलेजची कमान दाखवली. तेवढीच उरली आहे. १५४१ साली तिथे निरनिराळ्या देशांतली मुलं पाद्री म्हणून तयार करायची शाळा निघाली, पुढे ती जेजुइटांकडे गेली, आणि १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथेच लागला. चीनमध्ये नाव काढलेला मात्तेओ रिची तिथलाच. हे मला नंतर सेंट्रल लायब्ररीत बसून वाचताना कळलं, की १५८१ मध्ये याच रिचीने वरिष्ठांना पत्र लिहून तक्रार केली होती. इथल्या मुलांना तत्त्वज्ञान आणि ईशशास्त्र शिकवू नये, शिकली की डोक्यावर बसतात, असा विचार तेव्हा जोरात होता. रिचीचं म्हणणं, असंच असेल तर युरोपातल्यांनाही शिकवू नका.

होडीत आपा ब्रदरला सांगत होते. सप्तकोटेश्वर कदंबांचा देव, दिवाडीचा. देऊळ पाडलं तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं. आणि १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी तिथे देऊळ बांधून दिलं, दारावर लेख आहे. "आता आपण ज्या पाण्यावरून चाललोय, त्याच पाण्यावरून देव गेला," आपा म्हणाले. ब्रदर देवळाच्या पायऱ्यांपाशी थांबला आणि आत येऊ का असं त्याने विचारलं. आपांनी मानेनेच हो म्हटलं. त्याने चपला काढल्या आणि दारावरचा लेख एकेक अक्षर जोडत वाचायला लागला. बराच वेळ लागला. आपांनी घाई केली नाही.

परत होडीची वाट बघत बसलो असताना ब्रदरने त्याची गोष्ट सांगितली. दिवाडीचाच एक ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती, मातेउश द कास्त्रो, महाले आडनावाच्या घरातला. पाद्री व्हायचं म्हणून शिकला, पण गोव्याच्या आर्चबिशपने इथल्या माणसाला दीक्षा देणार नाही म्हणून सांगितलं. हा गृहस्थ खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला. तिथे १६२२ मध्ये मिशनकार्यासाठी पोपने नवीन खातंच काढलं होतं. तिथे शिकला, पाद्री झाला, आणि १६३७ मध्ये बिशप. गोव्यातल्या गोऱ्यांनी त्याला मानलं नाही. मग तो कुठे राहिला? डिचोलीत. डिचोली तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे. म्हणजे पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, सप्तकोटेश्वरासारखाच नदीपार. पुढे आदिलशहाला पोर्तुगीजांवर चढवतो असा आळ त्याच्यावर आला, आणि शेवटी १६७७ साली तो रोममध्ये वारला.

आपांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "म्हणजे तुमच्यातल्यालाही त्यांनी शिकू दिलं नाही?"

"नाही."

"आणि तोही दिवाडीचा."

"होय, आपा."

बस, एवढंच. त्यानंतर आपा विरघळले वगैरे काही झालं नाही. धर्म बदलायला लावणं पाप आहे हे त्यांचं मत शेवटपर्यंत राहिलं आणि ते त्यांनी ब्रदरला तोंडावर दोन-तीनदा ऐकवलंही. ब्रदर म्हणायचा, मी कोणाला ओढायला जात नाही, आजारी माणसाजवळ बसायला जातो. आपा म्हणायचे, बघू. पण मंगळवारी पणजीला आले की ते मुद्दाम साडेपाचपर्यंत थांबायचे आणि कोपऱ्यात बसून उच्चार दुरुस्त करायचे. "भाकर. ब नव्हे, भ. पोटातून काढ."

वर्षभराने ब्रदर परीक्षा पास झाला. पुढे दीक्षा झाली, महाराष्ट्रातल्या एका आदिवासी भागात गेला. तिथे गेल्यावर कळलं की लोक जी बोलतात ती बाबांची मराठी नव्हेच. पहिल्या पत्रात त्याने हसून लिहिलं होतं की मला पुन्हा पाटी घ्यावी लागली, आता माझी शिक्षिका सत्तर वर्षांची आहे आणि तिला वाचता येत नाही. बाबांना हे फार आवडलं होतं. शाळेत सगळ्यांना सांगितलं.

आपा १९७९ मध्ये गेले. बाराव्याच्या आधी पेडण्याच्या पत्त्यावर ब्रदरचं, म्हणजे तेव्हा फादरचं, पत्र आलं. दोन पानं, मराठीत, देवनागरीत. नार्व्याच्या देवळाचा उल्लेख होता, होडीचा होता, आणि 'भ' चुकलेला कुठेच नव्हता. बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मग सवयीने खिशातलं लाल पेन काढलं, एके ठिकाणी ऱ्हस्वाची दीर्घ वेलांटी केली, आणि पत्र आईच्या हातात दिलं.