धावती फटफटी आणि नभोवाणीचा आवाज

२२ मे १९५५ रोजी इंदुरास आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. रेडिओ ही त्या काळी दिवाणखान्यात बसविण्याची वस्तू होती. लाकडी पेटी, आत व्हॉल्व्हचे दिवे, बाहेर गच्चीवर ताणलेली एरियलची तार. बटण फिरविल्यावर संच तापेपर्यंत घरातील मंडळी वाट पाहत, आणि मग आवाज येई. ऐकणाऱ्याने आवाजापाशी जावयाचे, असा तो शिरस्ता होता.

हा शिरस्ता ट्रान्झिस्टरने मोडला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात त्याचा शोध लागला, १९५४ साली खिशात मावणारा संच तेथील बाजारात आला, आणि साठीच्या दशकात तो आपल्याकडील मध्यम वर्गाच्या आवाक्यात येऊ लागला. मग कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर सायकलच्या दांडीला लटकू लागला. इंदूर केंद्राच्या ग्रामसभेत नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा रंगत असताना शेतकऱ्याला ते बोल आता बांधावरही ऐकता येत. सायकल हे वाहनच मुळी अबोल. तिच्यावर छोटा स्पीकरही पुरे होई.

फटफटीची गोष्ट निराळी. तिचे नावच तिच्या आवाजावरून पडले आहे! १९५५ पासून मद्रासेत एनफील्डची बुलेट जोडली जाऊ लागली, पुढे म्हैसुरात जावा तयार होऊ लागली, आणि इंदूरच्या रस्त्यांवरही ही वाहने वाढली. तिच्यावर बसून रेडिओ ऐकू पाहणाऱ्याने पहिला उपाय केला तो स्वाभाविकच होता: बटण उजवीकडे पिळावयाचे. हा उपाय बहुधा फसतो, आणि का फसतो हे समजून घेण्यासारखे आहे.

आवाज दुप्पट मोठा भासावा, यासाठी यंत्राची शक्ती दुप्पट करून भागत नाही. ती जवळजवळ दसपट करावी लागते. एवढी शक्ती लहानशा स्पीकरवर लादली की त्याचा पडदा आपली मर्यादा ओलांडतो आणि आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो. उलट, स्पीकर आणि कान यांतील अंतर निम्मे केले की चौपट शक्ती वाढविल्याचे काम फुकटात होते. हँडलवर बसविलेला भोंगा सर्व चौकाला गाणे ऐकवितो, फक्त चालविणाऱ्यालाच ते धड पोचत नाही, यातील मर्म हेच. क्रिकेटचा सामना चालू असताना पानाच्या ठेल्यापाशी गाडी उभी करून, इंजिन बंद करून समालोचन ऐकणारे लोक अधिक शहाणे म्हटले पाहिजेत. सुशील दोशी हे हिंदी समालोचक इंदूरचेच. त्यांचा शब्दन् शब्द ऐकावयाचा तर तेवढे थांबणे भागच होते.

गोंगाट बाहेरच्या हवेतच असतो असेही नाही. इंजिनातील ठिणगी स्वतः एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच असते. तिची खरखर मध्यम लहरींच्या संचात शिरते. १९३० साली शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्यांच्या पुढचे मोठे काम आवाज वाढविण्याचे नव्हते, तर ही खरखर दाबण्याचे होते. पुढे आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने १९३३ मध्ये एफ.एम. पद्धतीची पेटंटे मिळविली आणि मुळावरच घाव घातला. भारतात ती पद्धत १९७७ मध्ये मद्रासेस आली. इंदुरात २००१ साली खाजगी एफ.एम. केंद्रही निघाले. ठिणगीची खरखर त्यामुळे उरली नाही. वारा मात्र उरला.

फटफटी वेगात आली की इंजिनापेक्षा वाराच अधिक बोलतो. वेग दुप्पट झाला की त्याचा गोंगाट दुपटीने नव्हे, कित्येक पटींनी वाढतो. येथे शिरस्त्राणाचा इतिहास आडवा येतो. १९३५ च्या मे महिन्यात ‘अरेबियाचा लॉरेन्स’ मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे लष्करी स्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. शिरस्त्राणाने असंख्य प्राण वाचविले, यात शंका नाही. परंतु ते डोक्यासाठी घडविले होते, कानांसाठी नव्हे. त्याच्या कडेवर वारा आपटतो, हनुवटीखालून आत शिरतो, आणि ताशी १०० किलोमीटरच्या वेगास आतला गोंगाट १०० डेसिबलच्या आसपास जातो. त्यावर मात करून गाणे ऐकावयाचे तर ते त्याहूनही मोठे लावले पाहिजे.

आणि कानाचा हिशेब कडक आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, असे तज्ज्ञ मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. महूहून इंदूर गाठावयासही याहून अधिक वेळ लागतो. अर्थात शहराच्या गर्दीत तो वेग कोणाला साधत नाही, हे इंदूरकरांचे नशीबच म्हणावयाचे.

म्हणून खरी सुधारणा झाली ती गोंगाट वजा करण्यातून. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ साली एका आवाजाने दुसरा आवाज पुसण्याच्या कल्पनेचे अमेरिकन पेटंट मिळाले. बंगाली पित्याचे पुत्र अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानप्रवासात त्याच दिशेने गणिते मांडली. १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचे वैमानिकांसाठीचे कर्णयंत्र विक्रीस आले. वाऱ्याच्या वेड्यावाकड्या झोतांपुढे मात्र ही युक्ती काहीशी थिटी पडते. त्यापेक्षा कितीतरी साधी गोष्ट म्हणजे मऊ फोमचा बोळा. तो कानात घातल्यावर शिरस्त्राणातील छोट्या स्पीकरचे बोलणे पुष्कळदा अधिक स्पष्ट कळते, कारण गोंगाट आणि बोलणे दोन्ही खाली येतात आणि कान बधिर होत नाही. मात्र पाठीमागच्या वाहनाचा भोंगा ऐकू येईल एवढी वाट मोकळी हवी.

गोंगाटाने कानाची हानी होते ती आधी वरच्या पट्टीत, ४००० कंपनांच्या आसपास. ‘स’, ‘श’ यांतील भेद पुसट होतो, तंबोऱ्याच्या झंकारातील बारीक तार नाहीशी होते. इंदूर हे उस्ताद अमीर खाँ यांचे शहर. त्यांची अतिविलंबित लयीतली, मंद्रात रेंगाळणारी आलापी धावत्या फटफटीवर ऐकू येणे कठीणच. सोसाट्याखाली ती बुडून जाते. पण वर्षानुवर्षे मोठा आवाज लावून हमरस्त्याने ये-जा करणाऱ्याला ती घरी, रात्री, पंखा बंद करूनही पुरती ऐकू येत नाही, आणि कानातील त्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.