बंद दरवाजाआडची कथा : रायगडावरील वारसाकलह आणि त्याची कथने

रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या हिरकणीवाडीचे नाव ज्या गवळणीच्या कथेशी जोडले जाते ती मराठी वाचकाला शाळकरी वयापासून ठाऊक असते. सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद होतात. नियम सर्वांना सारखा असतो. घरी तान्हे मूल असलेली आई कडा उतरून जाते. आणि राजा तिला शिक्षा न करता तिचा गौरव करतो. या कथेत दरवाजा हे राज्यव्यवस्थेचे चिन्ह आहे आणि मातृत्व हे त्या व्यवस्थेला मान्य असलेले एकमेव उल्लंघन. याच गडाच्या दरवाजाची दुसरी कथा मात्र मराठी मनाने वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले, आणि ती वार्ता पन्हाळ्यावर असलेल्या संभाजीराजांपर्यंत पोहोचू नये म्हणून गडावर कडेकोट बंदोबस्त झाला, असे वृत्तांत सांगतात. येथेही केंद्रस्थानी एक आई आहे आणि तीही आपल्या मुलासाठीच नियम ओलांडते आहे. एका आईच्या नावे बुरूज झाला, दुसरीच्या नावे कारस्थान. या दोन निवाड्यांमधील अंतर इतिहासाने निर्माण केले की कथनाने, हा प्रश्न मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

घटनांचा सांगाडा थोडक्यात असा. २१ एप्रिल १६८० रोजी अण्णाजी दत्तो प्रभृती प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण केले. त्यानंतर अण्णाजी आणि पेशवे मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना कैद करण्यासाठी पन्हाळ्याच्या रोखाने निघाले. कऱ्हाडच्या परिसरात सरनौबत हंबीरराव मोहिते यांनी या दोघांनाच ताब्यात घेतले. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले, जुलैत त्यांचे मंचकारोहण झाले, आणि १६ जानेवारी १६८१ रोजी विधिपूर्वक राज्याभिषेक. कैद केलेल्या प्रधानांना त्यांनी सोडून पुन्हा कारभारात घेतले होते. परंतु १६८१ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याच्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस, हिरोजी फर्जंद आदींना देहान्त शासन झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये सोयराबाईंचा मृत्यू झाला.

हा सांगाडा ज्या समकालीन नोंदींवर उभा आहे त्यांचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावयास हवे : त्यांत कार्यकारणभाव जवळजवळ नाही. जेधे शकावली तिथी आणि घटना देते. कोणी काय इच्छिले हे सांगत नाही. मुंबईच्या इंग्रजांचे २८ एप्रिल १६८० चे पत्र महाराजांच्या निधनाला तेवीस दिवस झाल्याचे आणि आजाराविषयी ऐकलेले कळवते. म्हणजे ज्या वार्तेवर पहारा होता ती महिना उलटण्यापूर्वीच मुंबईच्या वखारीत लिहिली जात होती. कारस्थान म्हणून ते फारसे निश्छिद्र नव्हते, असेच म्हणावे लागते.

हेतू, मत्सर, कान भरणे, अंतःपुरातील रात्रीची खलबते हे सर्व द्रव्य पुरवले ते बखरींनी. आणि बखर लिहिणारा या कलहात त्रयस्थ कधीच नव्हता. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. म्हणजे १६८० च्या वादातील एका पक्षकारासाठीच. महाराजांनी राज्याचे दोन भाग कल्पून तुंगभद्रेपलीकडील कर्नाटक संभाजीराजांना आणि अलीकडील मुलूख राजारामांना देण्याचा विचार बोलून दाखवला, हा सभासदी बखरीतील प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. जिंजीच्या दरबारात तो नुसता प्रसंग नव्हता, अधिकाराचा पुरावा होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस यांनी सातारच्या छत्रपतींसाठी जी बखर रचली, तिच्यामागे आणखी एक वारसा होता. मल्हार रामराव हे बाळाजी आवजींचे वंशज. ज्या पुरुषाच्या आज्ञेने पूर्वजाला देहान्त शासन झाले, त्या पुरुषाचे चरित्र तो वंशज सव्वाशे वर्षांनी लिहीत होता. संभाजीराजांची व्यसनी, उच्छृंखल, क्रूर प्रतिमा पुढे ग्रँट डफच्या इतिहासातून (१८२६) इंग्रजीत स्थिरावली आणि तेथून मराठी रंगभूमीवर परतली. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ हे तिचे सर्वांत प्रभावी रूप.

वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने ही प्रतिमा मोडली, हे सर्वश्रुत आहे. यानंतर कादंबरीने घेतलेले वळणही परिचित आहे : शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९), विश्वास पाटलांची ‘संभाजी’ (२००५). नायकाचा निवाडा पूर्णपणे उलटला. पण कथनाची संरचना उलटली काय? तसे दिसत नाही. जुन्या कथनात दोष पुत्राच्या स्वभावात होता. नव्या कथनात तो सावत्र आईच्या आणि प्रधानांच्या स्वभावात आला. राज्यावरचे संकट कोणाच्या तरी दुष्टपणातून उद्भवते, हे बखरीचे गृहीतक शाबूत राहिले. खलस्थान रिकामे ठेवणे या वाङ्मयप्रकाराला परवडणारे नव्हते. त्यावर बसणारी व्यक्ती तेवढी बदलली.

या बदलाची किंमत सोयराबाईंनी मोजली. वास्तविक संभाजीराजांच्याच ऑगस्ट १६८० च्या संस्कृत दानपत्रात या सावत्र मातेच्या अंतःकरणाच्या निर्मळपणाचा उल्लेख आहे, आणि दोष राजाला भ्रमित करणाऱ्या प्रधानांकडे जातो. दानपत्र हेही राजकीय लेखनच. सत्ता हाती आल्यावर घराणे सांधून घेण्याची गरज त्यामागे असणार. तरीही ते नायकाच्या बाजूचे समकालीन साधन आहे, आणि नायकाची बाजू घेणाऱ्या कादंबऱ्यांनी याच एका मुद्द्यावर नायकाची साक्ष बाजूस ठेवावी, हे विलक्षण आहे.

मत्सराच्या सूत्राला खरा छेद जातो तो हंबीररावांच्या वर्तनाने. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे बंधू; राजाराम त्यांचा भाचा. नाते हीच जर या कलहाची प्रेरणा असती, तर सेनापतीने प्रधानांना अडवण्याऐवजी साथ दिली असती. कादंबरी या वर्तनाचे स्पष्टीकरण ‘स्वराज्यनिष्ठा’ या शब्दाने करते. अर्थात पुन्हा स्वभावाने. पण येथे व्यवस्थेतील फट दिसते. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकात सोयराबाई पट्टराणी म्हणून आणि संभाजीराजे युवराज म्हणून एकाच सोहळ्यात प्रतिष्ठित झाले. पट्टराणीच्या पुत्राचा अधिकार मोठा की पहिल्या राणीच्या, वयाने मोठ्या युवराजाचा, याचे उत्तर त्या विधीने दिले नाही. दोन्ही दावे त्याने एकाच वेळी पवित्र केले. शिवाय १६७८ च्या अखेरीस युवराज दिलेरखानाकडे गेला आणि वर्षभराने परतला, ही घटना निष्ठेच्या कोणत्याही हिशेबात सहज बसणारी नव्हती. प्रधानांना दहा वर्षांचा राजा सोयीचा होता हे उघडच आहे. पण सैन्याला सोयीचा तेवीस वर्षांचा राजा होता. हा कार्यालय आणि छावणी यांच्यातील संघर्ष म्हणून वाचला तर सोयराबाई त्यातील अनेक पक्षांपैकी एक ठरतात, मूळ कारण नव्हे.

येथे एका परकीय कृतीशी तुलना उपयुक्त ठरेल. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘फायर अँड ब्लड’ (२०१८) या कल्पित राजवंशाच्या इतिहासात प्रसंग जवळजवळ रायगडाचाच आहे : राजा मरतो, राणी मृत्यूची वार्ता दडवते, वारस म्हणून घोषित झालेली सावत्र कन्या दूर एका गडावर असते आणि राणीचा पुत्र सिंहासनावर बसवला जातो. लक्षणीय गोष्ट प्रसंगाची नसून निवेदनाची आहे. मार्टिन यांचा निवेदक इतिहासकार आहे. दरबारातील एक पुरोहित, एक विद्वान आणि एक विदूषक यांचे परस्परविरोधी वृत्तांत तो समोर ठेवतो, प्रत्येकाचा पक्ष सांगतो आणि पुष्कळदा निर्णय वाचकावर सोडतो. ज्याचे सारे जग काल्पनिक आहे त्या लेखकाने साधनांची विसंगती मुद्दाम निर्माण केली. ज्यांच्या हाती खरीखुरी विसंगत साधने होती त्या मराठी कादंबरीकारांनी ती एका सर्वज्ञ, भारावलेल्या आवाजात विरघळवली. सावंतांच्या बाबतीत हे अधिक खटकते, कारण अनेक ‘मीं’च्या मुखांनी एकच कथा सांगण्याचे तंत्र त्यांनीच ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) यशस्वी केले होते. कर्णाला मिळालेली ही सवलत सोयराबाईंना किंवा अण्णाजींना मिळाली नाही. महाभारत पुराण मानले गेल्यामुळे तेथे बहुमुखी निवेदन चालते. सतरावे शतक मात्र अद्याप पक्षकारांचे आहे. ‘छावा’वर आधारलेला हिंदी चित्रपट २०२५ मध्ये आला, तेव्हा त्यातील फितुरीच्या चित्रणाला शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. मल्हार रामरावांचे लेखन आणि हा आक्षेप यांच्यात दोन शतकांचे अंतर आहे, जातकुळीचे नाही.

सभासदाने सांगितलेली राज्याची विभागणी पुन्हा पाहिली तर तिची भाषा वतनाच्या वाटणीची आहे हे ध्यानात येते. भाऊबंदांत वाडा वाटावा, शेत वाटावे, तसे राज्य. अभिषेकाची संस्कृत परिभाषा राज्य अविभाज्य मानते. देशमुखी घराण्याचा व्यवहार वाटणी जाणतो. १६८० मध्ये या दोन कल्पना एकमेकींसमोर उभ्या होत्या. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांना राज्याचे दायाद म्हणून जी सावधगिरी सुचवली आहे, तिच्या मुळाशी हाच अनुभव असावा. प्रत्यक्षात राज्य वाटले गेले ते १७३१ च्या वारणेच्या तहाने, सातारा आणि कोल्हापूर असे. त्याआधी, १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा, संभाजीराजांच्या या पुत्राचा हक्क नाकारून राजारामांच्या मुलासाठी उभ्या राहिल्या त्या ताराबाई. ज्या हंबीररावांनी कऱ्हाडजवळ संभाजीराजांचा मार्ग मोकळा केला, त्यांचीच ती कन्या.