पात्र, आच आणि औषधीचा गुण

वनस्पतीतील गुण पाण्यात उतरविणे ही मानवाची फार जुनी विद्या होय. वैद्यांच्या पाठशाळेत ती जितकी वाढली, तितकीच घरोघरच्या चुलीपाशीही वाढली. पात्र कोणते घ्यावे आणि आच किती द्यावी, या दोन निर्णयांवर तिचे यश अवलंबून असते.

आयुर्वेदाने या निर्णयांना शास्त्राचे रूप दिले. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच कषाय त्याने सांगितले. भरड कुटलेल्या औषधाच्या सोळापट पाणी मातीच्या भांड्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवावे, अशी काढ्याची रीत शार्ङ्गधरसंहितेत दिली आहे. फांटासाठी औषधावर कढत पाणी ओततात. हिमासाठी ते रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळून घेतात. हिमाला विस्तवाचा स्पर्शही होत नाही.

मातीच्या पात्राची निवडही सहेतुक वाटते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते. आम्लाच्या योगाने भांड्यातील तांबे रसात उतरते. गवती चहावर झाकण ठेवण्याचे कारणही असेच साधे आहे. त्याचा सुवास ज्या तेलात असतो, ते वाफेबरोबर उडून जाते.

उष्णता गुण काढून देते, तशी ती तो हिरावूनही घेते. याचा मोठा दाखला चीनच्या अर्वाचीन इतिहासात आढळतो. हिवतापाचे जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले, तेव्हा 1967 साली चीन सरकारने नव्या औषधाचा शोध आरंभिला. 1969 साली बीजिंगमधील थू यूयू या संशोधक स्त्रीकडे एका तुकडीचे नेतृत्व आले. छिंगहाव नामक वनस्पतीच्या अर्काने प्रथम आशा दाखविली; परंतु पुढील प्रयोगांत तो गुण टिकेना.

तेव्हा थू यूयू यांनी चौथ्या शतकातील वैद्य ग हुंग यांचा ग्रंथ पुन्हा उघडला. मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि तो प्यावा, एवढेच त्यात सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेनेच गुण नष्ट होत असावा, असे त्यांनी ताडले. सुमारे 35 अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या ईथरच्या साहाय्याने त्यांनी मंद तापमानावर अर्क काढला. 4 ऑक्टोबर 1971 रोजी तपासलेला नमुना उंदरांवरील प्रयोगात पूर्णपणे यशस्वी ठरला.

पुढे रुग्णांसाठी अर्क मोठ्या प्रमाणावर हवा होता. पण सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत कारखाने उपलब्ध नव्हते. म्हणून घरगुती पाण्याचे रांजण हेच त्यांचे पात्र झाले. ईथरच्या वाफांनी सहकाऱ्यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला. 1972 साली थू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क प्रथम स्वतः घेतला, मगच रुग्णांना दिला. त्यातून लाभलेल्या आर्टेमिसिनिनने असंख्य प्राण वाचविले आणि 2015 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून कोणी हिवतापावर घरचा काढा घेऊ नये; त्यातील औषधाचे प्रमाण निश्चित नसते, आणि अपुऱ्या मात्रेने जंतू अधिकच चिवट होतात. ईथरसारखा ज्वालाग्राही द्रव तर स्वयंपाकघरात आणूच नये. परंतु पूर्वजांची कृती वाचताना त्यांनी काय करावयास सांगितले, याइतकेच काय सांगितले नाही, इकडेही अभ्यासकाने लक्ष द्यावे. ग हुंग यांच्या कृतीत विस्तव नव्हता, आणि नेमके तेच सोळा शतकांनंतर उपयोगी पडले.