पदर, वय आणि वजन

मुलगी वयात आली हे सांगण्यासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही : न्हाण येणे, पदर येणे, शहाणी होणे. यांपैकी एकाही शब्दप्रयोगात वर्षांचा आकडा नाही. १८९१च्या संमतिवयाच्या वादाकडे पाहताना ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते.

१८६०च्या दंडसंहितेतील १० वर्षांची मर्यादा १८९१च्या कायद्याने १२ वर नेली. टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी ‘सुधारका’तून पाठिंबा दिला, डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार शोधून सुधारणेची बाजू मांडली. विरोधकांचे म्हणणे असे, की प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधानसंस्कार झालाच पाहिजे आणि ऋतू बाराच्या आतही येऊ शकतो. उष्ण हवेत मुली लवकर वयात येतात, हा समजही त्या काळी रूढ होता. मुलीच्या ताटात काय पडते, हा प्रश्न मात्र वादाच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही.

तो १९७०मध्ये रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी पुढे आणला. ऋतुप्राप्तीचे वय निरनिराळे असले तरी त्या वेळचे सरासरी वजन ४७ किलोच्या आसपास असते, असे त्यांनी मांडले. ठरावीक वजनाचा हा सिद्धान्त जसाच्या तसा टिकला नाही. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो. पण १९९४मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि दुवा उलगडू लागला. चरबीच्या पेशी शरीरातील साठ्याची वर्दी मेंदूला देतात. साठा अपुरा असेल तर ऋतुचक्र लांबते. म्हणून स्थूल मुलींना न्हाण लवकर येण्याचा संभव अधिक, कुपोषित मुलींना उशिरा.

पाथर्डीच्या अवर्षणग्रस्त भागाला हा इतिहास परका नाही. १८७६-७८ आणि १९७२ या दोन्ही दुष्काळांत अनेक मुलींचे न्हाण लांबले असणार. त्याची नोंद कोणी ठेवली नाही. आजही या तालुक्यातील कुटुंबे ऊसतोडीला जातात. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने कितीतरी लग्ने लवकर उरकली जातात.

शरीराचे पंचांग अन्नावर चालते, ते घरागणिक बदलते. त्यावरून लग्नाचा मुहूर्त काढणे किती अन्यायाचे, हे आता विज्ञानच सांगते. १८९१चा आकडा तोकडा होता, हे खरे. परंतु मुलीचे संरक्षण तिच्या ऋतूवर न सोपवता वर्षांवर सोपवण्याचे तत्त्व त्याने ठामपणे पुढे नेले. आजची १८ वर्षांची अट त्याच वाटेवरची आहे. पदर येताच मुलीची शाळा सुटते, त्या घरांत मात्र तो वाद अजून मिटलेला नाही.