सरफोजीराजांच्या शाळा

परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांनी मराठीतून काय शिकावे, हा प्रश्न चेन्नईतील प्रत्येक मराठी घरात केव्हा ना केव्हा उपस्थित होतोच. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मागे वळून पाहताना आम्हांस असे आढळते की, तमिळ भूमीत हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, आणि तंजावरच्या एका मराठी राजाने त्याचे उत्तर शाळा काढून दिले होते.

हा राजा स्वतः याच नगरात शिकला. तुळजाजीराजांनी १७८७ साली सरफोजींना दत्तक घेतले. परंतु त्यांच्या निधनानंतर गादी अमरसिंहांकडे गेली. बालराजांच्या जिवास धोका आहे असे पाहून त्यांचे गुरू, जर्मन मिशनरी श्वार्ट्झ, यांच्या प्रयत्नाने १७९३ साली त्यांना मद्रासेस आणण्यात आले. येथे वेपेरी मिशनच्या गेरिके यांनी त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. १७९८ साली राजांना गादी मिळाली, तर पुढच्याच वर्षीच्या तहाने कारभार कंपनीच्या हाती गेला. किल्ला आणि भोवतालचा अल्प प्रदेश तेवढा उरला. राज्य करण्यास मुलूख राहिला नाही, तेव्हा राजांनी आपले लक्ष विद्येकडे वळविले.

रामेश्वरच्या यात्रामार्गावर तंजावरकरांची छत्रे होती. तेथील व्यवस्थेचे वर्णन राजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास पत्राने कळविले आहे. प्रत्येक छत्रात चारही वेदांचे अध्यापक, एक शाळामास्तर आणि वैद्य असत. वाटसरूंची पोरकी मुले मास्तरांच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी तैलाभ्यंग, अंगावर वस्त्र आणि आजारात औषध मिळे. ज्या विद्येची ज्याला आवड, ती त्याला शिकविली जाई. मुलाची आवड विचारणारी ही शाळा आजही आम्हांस अनुकरणीय वाटते.

राजधानीत राजांनी नवविद्याकलानिधिशाळा स्थापिली. तेथे वेदशास्त्रांबरोबर भाषा, विज्ञान आणि कलाकौशल्ये यांनाही स्थान होते. राजवाड्यात देवनागरी छापखाना निघाला आणि १८०६ साली त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत बाहेर पडल्या. पेशवाईच्या अस्तास तेव्हा अजून बारा वर्षे अवकाश होता! ‘देवेंद्र कुरवंजी’ या आपल्या मराठी नाटकात तर राजांनी भूगोलच गाण्यांत गुंफला. तमिळ कुरवंजी नाटकात भविष्य सांगणारी कुरवंजी डोंगरदऱ्यांचे वर्णन करते. राजांची कुरवंजी पृथ्वीवरील खंडांचे आणि देशांचे वर्णन करते. घाट तमिळ, विद्या युरोपीय, भाषा मराठी! पाठ आणि खेळ यांत त्यांनी भिंत ठेवली नाही.

१८३२ साली सरफोजी निवर्तले. १८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांच्यामागे संस्थानही खालसा झाले. तंजावरी मराठी मात्र आजही कित्येक घरांत बोलली जाते. सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग आहेत. ते वाचू शकणारे मात्र विरळ झाले आहेत. शाळेचा आधार सुटला की भाषा स्वयंपाकघरापुरती उरते, हे या इतिहासातील कटू सत्य होय.

सणवार आणि नाट्यप्रयोग यांनी मंडळाने मराठी मुलांच्या कानांवर ठेवली, हे थोडे कार्य नव्हे. परंतु मुलांना मराठीतून काही नवे कळले, तरच ती मराठी वाचतील. आमची नम्र सूचना अशी की, येत्या वर्षापासून मुलांच्या रविवारच्या मेळाव्यात एक तास मराठीतून विज्ञान किंवा भूगोल शिकविण्याचा ठेवावा, आणि विषय मुलांनीच निवडावा. सुवर्णमहोत्सवाचे याहून उचित स्मारक आम्हांस सुचत नाही.