एकाच वर्षापाशी भेटणारे दोन गिअरबॉक्स

माझ्या ताईला जुनी ऑटोमॅटिक गाडी घ्यायची आहे. तिचा रोजचा मार्ग हडपसर ते हिंजवडी. म्हणजे गाडी चालवणे कमी, रांगवणे अधिक. तिच्यापुढे दोन पोलो आहेत, दोन्ही चाकणच्या कारखान्यातल्या. एक २०१६ ची जीटी टीएसआय, दोन क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची. दुसरी २०२० ची एक लिटर टीएसआय, टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिकची. "तू इतिहासवाला, जुन्या वस्तूंचं तुलाच कळणार," असे ती थट्टेने म्हणाली. मी ते मनावर घेतले.

मित्रहो, या दोन्ही यंत्रांच्या कथा १९३९ या एकाच वर्षापाशी येऊन भेटतात.

पहिली कथा अडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याची. तो रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यात नोकरीस होता. बर्फातून गाडी जावी म्हणून त्याने मागील चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवले. १९१७ च्या क्रांतीनंतर रशिया सोडून तो पुढे सित्रोएं कंपनीस मिळाला. त्याच्या पट्ट्यांच्या गाड्यांनी १९२२-२३ मध्ये सहारा ओलांडला. १९३१ च्या मोहिमेत त्या बैरूतहून निघून श्रीनगरमार्गे गिलगिटपर्यंत पोहोचल्या. (हिंदुस्थानशी त्याचा असाही एक दुवा आहे, हे मला या शोधातच कळले.)

याच केग्रेसने दोन क्लचचा गिअरबॉक्स कल्पिला. एका क्लचकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धावत असताना तिसरा आधीच जुळून सज्ज असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो आणि चाकांकडे जाणारा जोर खंडित होत नाही. १९३९ मध्ये सित्रोएंच्या 'त्राक्स्यों आव्हां' मोटारीवर त्याची चाचणी झाली. पुढे महायुद्ध आले, १९४३ मध्ये केग्रेस वारला आणि यंत्र कारखान्यापर्यंत गेलेच नाही. सुटणे आणि धरणे यांचा मेळ अचूक साधायला संगणक हवा होता. १९८० च्या दशकात पोर्शने शर्यतीच्या गाड्यांत ते जमवले. सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत हे यंत्र आले थेट २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून.

दुसरी कथा जहाजांपासून सुरू होते. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये तेलाच्या प्रवाहातून शक्ती वाहून नेण्याचे पेटंट घेतले. इंजिन एक पाते फिरवते, ते तेल ढकलते, तेल समोरचे पाते फिरवते. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने याच तत्त्वाचा 'हायड्रामॅटिक' ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी जाहीर केला. केग्रेसचे यंत्र ज्या युद्धात अडकले, त्याच युद्धात हायड्रामॅटिक अमेरिकी एम५ रणगाड्यांत बसला. जोर वाढवून देणारा टॉर्क कन्व्हर्टर मोटारींत रुळला तो १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लोपासून.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर या दोन स्वभावांत आहे. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा इंजिन आणि चाके यांच्यामध्ये काहीतरी घसरावेच लागते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घसरते आणि उष्णता तेलाबरोबर वाहून जाते. दोन क्लचच्या यंत्रात तबकड्या घसरतात. २००३ च्या सहा गिअरच्या डीएसजीत त्या तेलात बुडालेल्या होत्या; २००८ च्या सात गिअरच्या आवृत्तीत कोरड्या झाल्या. इंधन वाचले, पण घर्षणाची झळ थेट तबकड्यांवर आली. जीटी टीएसआयमध्ये आहे ती हीच कोरडी आवृत्ती.

मार्च २०१३ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने डीएसजीच्या तक्रारी दाखवल्यावर ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल घालण्याचे ठरले. उष्ण-दमट हवेत, थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत विजेचा बिघाड होण्याची शक्यता होती. कोरड्या क्लचचा फोर्डचा 'पॉवरशिफ्ट'ही असाच गाजला: तक्रारी हाताळण्याच्या रीतीबद्दल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने कंपनीस एक कोटी डॉलर दंड केला.

म्हणून ताईला मी २०२० ची गाडी सुचवली. ती दर आठवड्याला कोल्हापूर महामार्गावर धावणार असती, तर मी डीएसजीच्या बाजूने बोललो असतो. मोकळ्या रस्त्यावर त्याची चपळाई खरोखर सुखावते. मात्र तेव्हाही क्लच कधी बदलला, तेल कोणते घातले, याची तारखेसह बिले मागितली असती. आमच्या विषयात अशा कागदांना अस्सल साधने म्हणतात. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन फार तर बखरीत मोडेल.

२०२० च्या पोलोचे मालक रविवारी भेटणार आहेत. ताईने सर्व्हिसची फाइल सोबत आणायला सांगितले आहे, आणि गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले, हा प्रश्न तिने स्वतःच्या हाताने कागदावर पहिल्या क्रमांकाला लिहिला आहे.