जलाघात

जलाघात : बंद नळातून वाहणाऱ्या द्रवाचा वेग एकाएकी बदलला की नळात दाबाचे तरंग उठतात आणि नळाच्या दोन टोकांमध्ये ये-जा करत राहतात. या घटनेला जलाघात म्हणतात. कारखान्यांत, पाणीपुरवठा खात्यांत आणि शेतावर ‘वॉटर हॅमर’ हाच शब्द चालतो. झडप झटकन मिटणे, पंप अचानक थांबणे, टर्बाइनवरचा विजेचा भार तुटणे ही त्याची नेहमीची कारणे. वॉशिंग मशीनची झडप मिटताना भिंतीतला नळ ‘ठक्’ करून वाजतो, तो याच घटनेचा किरकोळ नमुना. जलविद्युत केंद्रातला पोलादी नळ फाटतो, तो तिचा भीषण प्रकार.

स्वरूप : पाणी दाबून लहान होत नाही असे शाळेत शिकवतात. बहुतेक हिशेबांना ते पुरते, जलाघाताला पुरत नाही. पाण्याचे आकारमान एक टक्क्याने घटवायला सुमारे २२० वातावरणांचा दाब लागतो. म्हणजे पाणी दाबले जाते, पण फार थोडे. पोलादी नळही दाबाखाली किंचित फुगतो. या दोन लवचिकपणांमुळे झडप मिटल्याची वार्ता नळाच्या दुसऱ्या टोकाला लगेच कळत नाही. आषाढी वारीत पुढची दिंडी थांबली तरी मागच्या दिंड्या काही काळ चालतच असतात. त्या येऊन थडकतात, दाटी होते, आणि दाटीची हद्द मागे मागे सरकत जाते. नळातही झडपेजवळचे पाणी थांबते, त्यामागचे त्यावर येऊन आदळते आणि दाबाची हद्द जलाशयाच्या दिशेने धावते. तिचा वेग पाण्याच्या वाहण्याचा नसून पाण्यातून जाणाऱ्या ध्वनीचा असतो.

ही हद्द जलाशयापर्यंत पोहोचते त्या क्षणी नळातले सारे पाणी थांबलेले आणि दाबलेले असते. पण जलाशयाचा दाब वाढलेला नसतो. त्यामुळे नळातले पाणी उलटे, जलाशयाकडे वाहू लागते आणि दाब उतरल्याचा तरंग झडपेकडे निघतो. तो झडपेशी येतो तेव्हा उलट्या वाहणाऱ्या पाण्याला मागून भर द्यायला काहीच नसते, म्हणून तिथला दाब मूळ दाबाच्याही खाली जातो. ही तूट पुन्हा जलाशयापर्यंत जाते, परत येते आणि चक्र नव्याने सुरू होते. तरंगाच्या चार खेपांत एक आवर्तन पुरे होते. घर्षणामुळे प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा दुबळे होत जाते आणि शेवटी सारे शांत होते. बहुतेक वेळा पहिला तडाखाच सर्वांत मोठा असतो, पण बहुतेक वेळाच, नेहमी नव्हे. त्याचे कारण पुढे आले आहे.

तरंगवेग आणि दाबवाढ : मोकळ्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो. जाड पोलादी नळात तो १,००० ते १,२५० मीटरपर्यंत उतरतो. शेतावरच्या पीव्हीसी नळात, नळ किती जाड यावर, तो साधारण २५० ते ४५० मीटर असतो. पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे मिसळले तर घसरण चकित करणारी होते. साध्या वातावरणीय दाबाला आकारमानाने एक टक्का हवा असली तरी वेग १२० मीटरच्या आसपास येतो. हवेतला ध्वनिवेग ३४० मीटर आणि पाण्यातला १,४८०. मिश्रणातला मात्र दोहोंपेक्षा कमी. मिश्रण हवेसारखे मऊ आणि पाण्यासारखे जड असते, हे त्याचे कारण.

झडप क्षणात मिटली तर दाबात होणारी वाढ काढायला घनता, तरंगवेग आणि वेगातली घट या तिघांचा गुणाकार करायचा. एवढेच सूत्र आहे. पोलादी नळात पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरने तुटला तर दाब १० ते १२ बारने वाढतो, म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार एकदम पडतो. सूत्रात नळाची लांबी कुठेच नाही, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. लांबी येते ती वेळेच्या हिशेबात. तरंग झडपेपासून निघून जलाशयाशी परावर्तित होऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याच्या आत झडप मिटली तर ती ‘झटकन’ मिटली असे धरतात आणि पूर्ण दाबवाढ होते. एक किलोमीटर पोलादी नळात हा वेळ सुमारे १.६ ते दोन सेकंद असतो, दहा किलोमीटरच्या जलवाहिनीत वीस सेकंदांपर्यंत जातो. म्हणून मोठ्या जलवाहिनीवरची झडप अर्ध्या मिनिटात मिटवणारा माणूस ‘हळूच मिटवली’ म्हणतो, तेव्हा त्याचे म्हणणे नळाच्या लांबीवरच पारखावे लागते. शिवाय चक्री झडपेच्या पहिल्या अनेक फेऱ्यांत प्रवाह फारसा घटत नाही. खरी घट शेवटच्या थोड्या फेऱ्यांत होते. सावकाशपणा तिथे हवा.

दाबाची तूट : जलाघात म्हणजे जादा दाब, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात पुष्कळ नळ कमी दाबाने मरतात. उपसा सिंचनाच्या योजनांवर हे रोज दिसते. नदीकाठचा पंप चढावरच्या शेतापर्यंत पाणी ढकलत असतो आणि वीज जाते. पंप काही क्षणांत मंदावतो, पण नळातला पाण्याचा स्तंभ पुढे जातच राहतो. पंपाजवळ दाब कोसळतो आणि तुटीचा तरंग वर निघतो. वाटेत नळ उंचवट्यावरून जात असेल तर तिथे दाब इतका उतरतो की पाण्याची वाफ होते आणि स्तंभ दुभंगतो. नंतर वरचा भाग उलटा फिरून खाली येतो, पोकळी मिटते आणि दोन स्तंभ एकमेकांवर आदळतात. या टकरीचा तडाखा पहिल्या तडाख्याहून मोठा असू शकतो.

शेतकरी नळाला त्याच्या दाबसहनशक्तीवरून ‘चार किलोचा’, ‘सहा किलोचा’ म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो. सहा किलोच्या नळात पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असेल आणि चढ तीस मीटर असेल, तर स्थिर दाब तीन किलो आणि आघाताचा जवळपास पाच किलो मिळून आठाच्या घरात जातो. एखादा तडाखा नळ सोसतो. लोडशेडिंगच्या काळात दिवसातून अनेकदा तेच झाले की जोड आधी उकलतात. ‘लाइट गेली की पाइप फुटतो’ ही तक्रार म्हणूनच खरी असते, आणि दोष दर वेळी नळ बनवणाऱ्याचा नसतो. पाणी पंपाकडे उलटे येऊ नये म्हणून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतोच, पण त्याचा पडदा उशिरा, उलटा प्रवाह सुरू झाल्यावर आपटत असेल तर तोच नव्या आघाताचे कारण होतो. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवला तर तुटीच्या वेळी हवा आत येते आणि पोकळी होत नाही. मात्र तीच हवा नंतर हळू बाहेर पडायला हवी. भसकन सुटली तर मागचे पाणी झडपेवर येऊन धडकते.

जादा दाब आणि तूट यांची जोडी किती घातक असते ते जपानमधील ओइगावा वीज केंद्रात १९५० साली दिसले. झडप भलत्या वेगाने मिटली आणि आघाताने पोलादी नळ एके ठिकाणी उकलला. त्या भगदाडातून पाणी इतक्या वेगाने निसटले की वरच्या बाजूला नळात निर्वात झाला आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने तो नळ चेपला गेला. या अपघातात तीन कामगार दगावले.

इतिहास : लुइजी मेनाब्रेआ या इटालियन अभियंत्याने १८५८ साली पाणी आणि नळ या दोघांची लवचिकता धरून पहिली नीट मांडणी केली. हेच गृहस्थ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. बॅबेजच्या गणनयंत्रावरचा ज्यांचा लेख एडा लव्हलेसने अनुवादून आपल्या टिपांनी गाजवला तेही हेच. नळाची लवचिकता धरून तरंगवेगाचे सूत्र डच गणिती डिडरिक कोर्टेवेख यांनी १८७८ साली दिले. दाबवाढीचे सूत्र मात्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्यांनी ते सर्वप्रथम काढलेले नाही. योहानेस फोन क्रीस या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने रक्तवाहिन्यांचा अभ्यास करताना ते १८८३ सालीच मांडले होते. अभियंत्यांनी शरीरशास्त्राची पुस्तके वाचली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

सूत्राला नाव मिळाले ते निकोलाय झुकोव्हस्की यांचे. रशियन विमानविद्येचे जनक म्हणून ते अधिक प्रसिद्ध आहेत. मॉस्कोच्या नव्या जलवाहिन्या वारंवार फुटू लागल्यावर १८९७-९८ मध्ये त्यांनी अलेक्सेयेव्हस्काया पंपगृहात वेगवेगळ्या व्यासांच्या नळांवर प्रयोग करून सिद्धांत आणि मोजमाप यांचा मेळ दाखवला. त्यांची आणखी एक सूचना फार दूरदृष्टीची होती. नळाला गळती असेल तर तरंग तिथूनही थोडा परावर्तित होतो, तेव्हा दाबाच्या आलेखातल्या त्या खुणेवरून गळतीची जागा काढता येईल. आज गळती शोधण्याच्या काही पद्धती याच कल्पनेवर चालतात. इटलीत लोरेन्झो अल्लिएव्ही यांनी १९०२ पासून झडप सावकाश मिटण्याचे गणित उभे केले. पुढे आलेखाने उत्तर काढायची पद्धत आली आणि १९६० नंतर संगणकाने तिची जागा घेतली.

जलविद्युत केंद्रे : सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात पाणी सोडणाऱ्या केंद्रांना हा प्रश्न जन्मापासूनच चिकटलेला आहे. टाटांचे खोपोली केंद्र १९१५ साली सुरू झाले, तिथे पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून उतरते. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत जलाशयातले पाणी सुमारे पावणेचार किलोमीटर बोगद्यातून डोंगराच्या कडेशी येते आणि तिथून उतरत्या नळांनी पोफळीच्या भूमिगत केंद्राकडे कोसळते. बोगदा आणि उतरते नळ यांच्या सांध्यावर सर्ज टँक, म्हणजे वर उघडी असलेली एक प्रचंड विहीर असते. खालून आलेला दाबतरंग तिच्याशी परावर्तित होतो, बोगद्यात फारसा शिरत नाही. नळाची परिणामी लांबी त्यामुळे घटते आणि तरंगाची ये-जा थोड्या वेळात आटपते. बोगद्यात वाहत असलेले पाणी विहिरीत चढते, उतरते, पुन्हा चढते. हे हेलकावे सेकंदांचे नसून मिनिटांचे असतात.

फवाऱ्याच्या माऱ्याने फिरणाऱ्या पेल्टन चक्रावर याहून चतुर उपाय असतो. भार तुटताच पाणी लगेच थांबवले तर नळ फुटेल, थांबवले नाही तर चक्र बेफाम फिरेल. म्हणून फवाऱ्याच्या तोंडाशी बसवलेला डिफ्लेक्टर क्षणात फवारा चक्रावरून बाजूला वळवतो, आणि तोटीतली सुई सावकाश पुढे सरकत प्रवाह बंद करते. पाण्याला दुसरे काहीही न देता फक्त वेळ दिला जातो.

वाफेचे नळ : इथे प्रश्न उष्णतेच्या वहनाचा होतो. वाफेच्या थंड नळात वाफ सोडली की ती भिंतीला लागून निवते आणि तळाशी पाणी साठते. वाफ त्यावरून वेगाने जाताना लाटा उठतात, एखादी लाट नळाच्या छताला टेकते आणि वाफेचा एक कप्पा दोन्ही बाजूंनी पाण्यात कोंडला जातो. पाणी थंड असेल तर त्या कप्प्यातली वाफ क्षणात निवते. शंभर अंशांची वाफ पाणी होताना आकारमानात सुमारे १,६७० पटींनी आटते. मागे राहिलेल्या पोकळीत दोन्हीकडचे पाणी घुसते आणि आदळते. कोणी झडप हलवलेली नसतानाही आघात होतो, हे या प्रकाराचे सर्वांत फसवे अंग. साखर कारखान्यात हंगामाच्या सुरुवातीला स्टीम लाइन ड्रेन उघडे ठेवून, रेंगाळत गरम करतात ती यासाठीच. न्यूयॉर्कमध्ये १८ जुलै २००७ रोजी लेक्झिंग्टन अव्हेन्यूखालचा १९२४ साली टाकलेला वाफेचा नळ फुटला आणि भर गर्दीच्या वेळी रस्त्यात मोठे विवर पडले. एक मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. नळाभोवती साठलेल्या पावसाच्या पाण्याने आतली वाफ भराभर निवली होती आणि पाणी बाहेर काढणारे स्टीम ट्रॅप दुरुस्तीत वापरलेल्या लुकणाने तुंबले होते.

उपयोग : आघात टाळायचा नसून वापरायचा, हा विचार हायड्रॉलिक रॅममध्ये दिसतो. फुग्यामुळे प्रसिद्ध झालेल्या जोसेफ माँगॉल्फिए यांनी १७९६ साली आपल्या कागद गिरणीत पाणी चढवायला तो बनवला. इंग्लंडमध्ये जॉन व्हाइटहर्स्ट यांनी १७७२ साली हाताने चालवायचे तसेच यंत्र केले होते. उतारावरून आलेले पाणी एका उघड्या झडपेतून बाहेर पडत असते. वेग वाढला की तेच झडपेला ओढून बंद करते आणि आघात होतो. त्या दाबाने थोडे पाणी दुसऱ्या झडपेतून हवाकोठीत शिरते व तिथून वर चढते. दाब उतरताच पहिली झडप आपोआप उघडते आणि खेळ पुन्हा सुरू होतो, मिनिटाला पन्नास-साठ वेळा. इंजिन नाही, वीज नाही. आलेल्या पाण्यातले बरेचसे वाया जाते, थोडेच वर पोहोचते, पण झरा बारमाही असेल तर कोणाची तक्रार नसते. उत्तराखंडच्या डोंगरांत ‘हायड्रम’ नावाने ही यंत्रे सिंचनासाठी बसवलेली आहेत. हवाकोठीतली हवा पाण्यात विरघळून हळूहळू संपते आणि मग यंत्र स्वतःलाच ठोकू लागते. म्हणून दुसऱ्या झडपेखाली एक बारीक भोक ठेवतात. प्रत्येक ठोक्यानंतरच्या तुटीत तिथून थोडी हवा आत ओढली जाते.